दौलूमामांचं कातड्याचं प्रदर्शन

कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी मला नेमणुकीच्या पत्राआधी चिमटा मिळाला.

ऑफिसच्या दारात उभा होतो. खाकी शर्ट, झुबकेदार मिशा, असा एक उंचापुरा माणूस समोरून आला. त्यानं माझं मनगट धरलं, हात पालथा केला, वरची कातडी दोन बोटांत उचलली आणि सोडून दिली. ती जागेवर जाईपर्यंत मान वाकडी करून बघत राहिला.

"पावणं, पानी कमी पितासा," तो म्हणाला. "आनि काल झोप न्हाय झाल्याली."

दोन्ही खरं होतं. पत्र हातात पडेपर्यंत मी ऑफिसातला माठ अर्धा केला.

हे दौलूमामा. कागदोपत्री दौलत खोत, प्राणिशास्त्र विभागातले प्रयोगशाळा परिचर. पण त्या विभागाचं संग्रहालय त्यांच्या ताब्यात होतं, आणि ते स्वतःला त्या संग्रहालयाचे मालक समजत. नमस्कार, रामराम या भानगडीत ते पडत नसत. भेटला माणूस की चिमटा. प्राध्यापिकांना मात्र लांबून सांगत, "बाई, तुमचं तुमीच घ्या," आणि त्यांनी घेतला की निकाल देत. प्राचार्यांचा चिमटा वर्षातून एकदाच, दसऱ्याला सोनं देताना.

एकदा विद्यापीठाकडून तपासणी समिती आली होती. समितीचे अध्यक्ष सुटाबुटात. मामांनी चहाचा कप त्यांच्या हातात द्यायच्या आधी हात पालथा केला. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. "सायेब," मामा म्हणाले, "कातडं लई सुकलंय. साखर तपासून घ्या." अध्यक्षांनी चहा संपवला. दीड महिन्यानं त्यांचं पत्र आलं. पत्ता होता, 'चिमटेवाले मामा, प्राणिशास्त्र विभाग'. साखर निघाली होती, वेळेवर कळली म्हणून आभार मानले होते. मामांनी ते पत्र फ्रेम करून संग्रहालयात लावलं, पेंढा भरलेल्या मगरीच्या वर.

मी मराठीचा, तरी आमचं जमलं ते एका शब्दावरून. मी कुठंतरी बोलताना 'त्वचा' म्हणालो. मामा थांबले.

"त्वचा डाक्टरकडं असती सर. मानसाकडं कातडं असतंय."

मी म्हटलं, "बरं, कातडं. पण मामा, आपल्याकडं निगरगट्ट माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतात..."

"चुकतासा," ते म्हणाले. "गेंड्याचं कातडं दिसाय जाड, पन लई नाजूक असतंय. माशी बसली तरी कळतंय त्येला. ऊन सोसत न्हाय. म्हून तर चिखलात लोळतोय बिचारा. तुमी पुस्तकवाल्यांनी उगंच बदनाम केलंय."

तेव्हापासून तो वाक्प्रचार शिकवताना माझी जीभ अडखळते.

संग्रहालय म्हणजे पहिल्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल. भिंतीला गव्याचं मुंडकं, मधे टेबलावर पेंढा भरलेले प्राणी: बिबट्या, साळिंदर, खवल्या मांजर, ऊद म्हणजे पाणमांजर, घुबडं, दोन मगरी, एक लहानसा शार्क. सगळे जुने, शिकारीवर बंदी यायच्या आधीचे. संस्थानच्या काळात शिकारीतली जनावरं भरणारे एक म्हातारे उस्ताद होते, मामा विशीत त्यांच्या हाताखाली शिकले. उस्तादांनी शिकवलेलं एकच वाक्य ते सांगत, "पेंढा कुनीबी भरंल, कातडं नीट बसवनं हीच कला." कुठल्या प्राण्याची शिवण उसवली की मामा सुईदोरा घेऊन तासन्‌तास बसत. एकीकडं त्याच्याशी बोलत. बिबट्याला ते 'गड्या' म्हणत आणि मगरीला 'अगं'.

जगातल्या सगळ्या संग्रहालयांत 'हात लावू नये' अशी पाटी असते. मामांनी ती काढून कोपऱ्यात उभी केली आणि तिच्या मागं शेव-चिवड्याचा डबा ठेवायची जागा केली होती. दाराशी एक बादली आणि लाल साबण. हात धुवून आत यायचं, वाटेल त्याला हात लावायचा, हात धुवून बाहेर जायचं. "बघून काय कळतंय? टीव्हीवर बी बघतासा की." प्राणी झिजतात अशी विभागप्रमुखांची तक्रार होती. मामांचं म्हणणं, "झिजू द्या. मी हाय की शिवायला."

नव्वदचं दशक संपत आलं आणि कॉलेजला संगणकाचे वेध लागले. वीस संगणक येणार होते आणि त्यांना थंड, लांबलचक, बंदिस्त हॉल हवा होता. तसा हॉल एकच होता. प्राचार्यांनी मामांना बोलावून सांगितलं की प्राण्यांची 'योग्य ती विल्हेवाट' लावावी लागेल.

मामा थेट माझ्याकडं आले. त्या दिवशी मला चिमटा घेतला नाही, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

"सर, विल्हेवाट म्हंजे काय?"

मी सांगितलं. ते खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "लोकांनी बगितलंच न्हाय म्हून त्यांला वाटतंय की अडगळ हाय. एकदा लोकांस्नी दावू या. मग काय करायचं ते करू देत."

असं ते प्रदर्शन ठरलं. प्राचार्य तसे भले गृहस्थ, त्यांनी तयारीनंतर प्रदर्शनाला आठ दिवस दिले. विषय मामांनी सांगितला: कातडं. जनावराचं आणि माणसाचं, एकाच हॉलमधे. "कारन सर, दोघांस्नी बी जग पैल्यांदा कातड्यानंच कळतंय. डोळं नंतर उघडत्यात." पाट्या लिहायचं काम माझं. अट एकच, 'त्वचा' हा शब्द कुठंही येता कामा नये.

पुढचे पंधरा दिवस मामा सायकलवरून गावभर फिरले. शाहूवाडीकडच्या विद्यार्थ्यांनी पोत्यानं सापांच्या काती आणल्या. गारगोटीच्या एकानं आजोबांच्या विहिरीवरची मोट आणली, पाणी उपसायची चामड्याची. ती इतकी वाळली होती की उघडताना पापडासारखा आवाज आला. हलगी आली, पाणी वाहायची पखाल आली. मंगळवार पेठेत मामा भाड्यानं राहत, तिथल्या तालमीतला म्हादू पैलवान रोज सकाळी एक तास स्वतःच येऊन बसायला तयार झाला. मातीत कान मोडून त्यांची गड्ड्यासारखी गाठ झालेली. त्याच्या गळ्यात माझी पाटी: 'तांबडी माती, ताक, तेल, हळद आणि लिंबू यांत वीस वर्षं घोळलेलं माणसाचं कातडं. हात लावावा. चिमटा काढू नये.'

शेवटचं वाक्य पैलवानाच्या आग्रहावरून घातलं.

कोल्हापुरी चपलेचा भाग मामांनी फार मनावर घेतला. कच्च्या कातड्यापासून तयार चपलेपर्यंत सगळे टप्पे मांडले, आणि त्यावर चपला करणाऱ्या कारागिराचं आणि कातडं कमावणाऱ्याचं, दोघांचं नाव लिहायला लावलं. मी विचारलं, नावं कशाला? म्हणाले, "पेंटरचं नाव चित्राखाली असतंय का न्हाय? चप्पल देवळाभायेर काढा, कबूल. चप्पल करनारा भायेर का ऱ्हायला, हे इचारायला नगं का कुनीतरी?" मी लिहिलं.

एका फळ्यावर वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती कापून लावल्या होत्या. फोन नंबर आणि नावं काढून टाकलेली. 'गोरी', 'गोरीपान', 'निमगोरी', 'गव्हाळ', 'उजळ', 'सावळी पण आकर्षक', अशी उतरती भाजणी. शेजारी काचेच्या बरणीत सरडा.

सगळं मांडून झालं. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी शाई पुसत होतो तेव्हा मामा एक कोरा पुठ्ठा घेऊन आले.

"सर, एक पाटी ऱ्हायली. रगतपितीची."

आमच्या भागात कुष्ठरोगाला रगतपिती म्हणतात.

"लिवा," ते म्हणाले. "ह्यो रोग औषदानं बरा हुतोय. बऱ्या झालेल्या मानसाला हात लावल्यानं काय हुत न्हाय. त्याला घरात घ्या. बस, येवडंच."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मामा, लोक लहान मुलांना घेऊन येणार. आधीच वरच्या सगळ्यांचं आपल्यावर लक्ष आहे. लोक बिचकतील, आणि हॉल जायला तेवढं निमित्त पुरेल. यंदा नको."

मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण होणार. मामांचा आवाज असा, की त्यांनी तळमजल्यावर शिंक दिली तर वरच्या मजल्यावरचा तास थांबे. पण त्यांनी तो पुठ्ठा नुसता काखेत मारला.

"बरं. ऱ्हाऊ दे मग," असं म्हणाले आणि गेले. मला सुटल्यासारखं झालं. शहाणपणाचा सल्ला दिला, असंही वाटलं.

पहिल्या दिवशी चाळीसेक माणसं आली. दुसऱ्या दिवशी शाळा यायला लागल्या आणि चौथ्या दिवशी जिन्यावर रांग. मुलं साळिंदराचे काटे मोजत, शार्कच्या कातड्यावर उलटा हात फिरवून ओरडत, मग पैलवानाचे कान ओढायला धावत. गोंदलेल्या हातांच्या म्हाताऱ्या बायका आल्या त्या बघायला, आणि मामांनी त्यांनाच खुर्ची देऊन बसवलं. "मावशी, तुमीच आजचं प्रदर्शन." बादलीतलं पाणी दिवसातून सतरा वेळा बदलावं लागे.

सहाव्या दिवशी संस्थेचे एक वजनदार पदाधिकारी आले. हॉल संगणकांना द्यावा हा आग्रह मूळ त्यांचाच. ते लग्नाच्या जाहिरातींपाशी थांबले. एक जाहिरात त्यांनी दोनदा वाचली. 'मुलगी गोरीच हवी.' त्यांच्या पुतण्याची होती. नाव कापलेलं असलं तरी शिक्षण, उंची आणि बागायत जमिनीवरून त्यांनी ओळखली.

"हे काय लावलंय?" ते गरजले. प्राचार्य घाम पुसायला लागले.

मामा पुढं झाले. "सायेब, जरा घड्याळ काढतासा?"

"कशाला?"

"काढा की."

का कोण जाणे, त्यांनी काढलं. सायेबांचा वर्ण चांगलाच पक्का. मनगटावर घड्याळाखाली मात्र फिकट पट्टा.

"बगा," मामा म्हणाले. "हितं तुमी निमगोरं हायसा. जाहिरातीत बसतासा. बाकी सगळं ऊन हाय, शेतातलं. ते कष्टाचं हाय, त्येला काय लाजायचं?"

आधी पैलवान हसला. मग पोरं, मग प्राचार्य दबकत, आणि शेवटी खुद्द सायेब असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. जाताना त्यांनी बिबट्याच्या पाठीवरून हात फिरवला. साबणानं हात धुताना प्राचार्यांना म्हणाले, "ह्यांची विल्हेवाट म्हणजे काय करणार होता तुम्ही?" जणू ती कल्पना प्राचार्यांचीच होती.

शेवटचा दिवस रविवार होता. अभिप्रायाची वही वाचावी म्हणून मी सकाळी सातलाच गेलो. हॉलचं दार अर्धं उघडं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, पण इतकं हळू, की मला आवाज ओळखू येईना. मामांना हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, नाकाचा शेंडा बसलेला. हाताची बोटं पेरापर्यंत झिजून आखूड झालेली. पायांत मऊ रबराच्या जाड चपला. मामा तिच्यापुढं उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात ऊद होता. त्यांनी तो अलगद वर उचलून तिच्या गालाला लावला.

तिनं डोळे मिटले. गाल त्या केसांवरून इकडून तिकडे फिरवला. "लई मऊ रं," ती म्हणाली. "रेडकावानी."

"पान्यात ऱ्हातंय ते."

"पान्यात? आनि भिजत न्हाय?"

"आत येक लव असती बारीक. पानी आतवर जातच न्हाय."

मग हलगी. मग शार्क, तो लागताच ती "नगं बाबा" म्हणून मागं सरली आणि दोघंही हसली. तेवढ्यात मामांना मी दिसलो. ते उठले नाहीत.

"सर, ही आमची आई," ते म्हणाले. "बोटांत जीव न्हाय तिच्या. गालाला कळतंय समदं."

मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो. एकटा माणूस, लग्न केलं नाही, मागंपुढं कुणी नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो.

"उभं का पावणं? बसा की," म्हातारी म्हणाली. जणू मीच तिच्या घरी आलो होतो.

मी बसलो. गावाबाहेरच्या कुष्ठधामात ती चाळीसेक वर्षं होती. रोग कधीच बरा झाला होता. तिला तिथं शेळ्या होत्या, मैत्रिणी होत्या. मामांनी खोलीवर चल म्हणून किती वेळा विनवलं, पण ती येत नव्हती. "माझ्यापायी त्येची बी खोली जायाची," तिनं मला सांगितलं. "त्यो येतोय की दोन दिसाआड. जीव खातोय माझा, नखं काप, तेल लाव."

मग तिनं भिंतींवरच्या पाट्यांकडं नजर फिरवली. वाचता येत नव्हतं तिला. "हे समदं तुमी लिवलंय व्हय? अक्षर झ्याक हाय म्हनतोय दौलू." पुढं तिनं विचारलं, "आमच्यासारक्यांचं बी काय लिवलंय का?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लिवलंय की," ते म्हणाले आणि खिडकीशेजारच्या पाटीकडं बोट केलं. "ती बग. ती तुमचीच."

ती पाटी बेडकाची होती.

म्हातारीनं त्या पाटीकडं बराच वेळ बघितलं. समाधानानं मान हलवली. रिक्षा खाली थांबली होती, मामा तिला हाताला धरून जिना उतरवून घेऊन गेले.

ते परत येईपर्यंत मी पुठ्ठा शोधला, शाई काढली आणि मामांनी सांगितली होती ती वाक्यं होती तशी लिहिली. 'त्याला घरात घ्या' हे जरा मोठ्या अक्षरात. बेडूक हलवला आणि ती पाटी तिथं लावली. मामा आले, त्यांनी वाचली. म्हणाले, "'घरात'मधला र जरा वाकडा झालाय," आणि बादली भरायला गेले.

त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी झाली. ती पाटी वाचून कुणी बिचकलं नाही. बहुतेकांनी वाचली आणि पुढं पैलवानाकडं गेले. एक मध्यमवयीन गृहस्थ मात्र तिच्यासमोर खूप वेळ उभे होते, आणि हात न धुताच निघून गेले. मी ज्याला भीत होतो ते लोकांचं बिचकणं नव्हतंच, माझं होतं.

हॉल अर्धा वाचला. मधे प्लायवूड घालून पलीकडं संगणक आले, अलीकडं प्राणी राहिले. संगणकाला पहिल्या दिवशी मामांनी बोटानं टोचून बघितलं आणि निकाल दिला, "ह्येला कातडंच न्हाय. मग ह्येला कळनार काय?"

त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्याबरोबर कुष्ठधामात जाऊ लागलो. म्हातारी मला शेळीच्या दुधाचा चहा पाजायची. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, मामा निवृत्त व्हायच्या थोडं आधी, ती गेली. झोपेत, त्रास न होता. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आवारातल्या लिंबाखाली मामा बसले होते आणि तिच्या मैत्रिणींनी त्यांच्यापुढं चहा ठेवला होता.

मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, तेराव्याचं काय करायचं? गावाकडं करणार की इथंच?"

"तेरावं झालंय सर," ते म्हणाले.

मला वाटलं, ते भ्रमात बोलतायत. "कधी?"

"मी आठ वर्सांचा हुतो तवा. तिला हितं आनून सोडली आनि बापानं गावात सांगितलं, मेली म्हून. बाराव्या-तेराव्याचं समदं रीतसर केलं. दुसरी बायकू बी केली. मला एकोनिसाव्या वर्सी कळलं, जिती हाय म्हून. दुसऱ्या दिसी कोल्हापुरात आलतो."

त्यांनी कप उचलला, तोंडाला लावला नाही.

"सगळं गाव जेवलं हुतं सर त्या तेराव्याला. मी बी जेवलो की. बुंदी हुती. दोनदा मागून घेतली."